गीतातील ‘मी’ आणि नवा गायक

वाद्यवृंदातील एखादा वादक गेला व त्याच्या जागी दुसरा आला, तर पुष्कळ श्रोत्यांच्या ते ध्यानातही येत नाही. मुख्य गायक बदलला की मात्र ‘हा तोच वृंद काय?’ असा प्रश्न तत्काळ उपस्थित होतो. या भेदाचे कारण सामान्यतः आवाजाच्या वेगळेपणात शोधले जाते. ते खरे असले, तरी पुरेसे नाही. रॉक संगीतात गायक हा केवळ स्वर पुरवणारा घटक नसतो. गीतातील प्रथमपुरुषी सर्वनामाचा निर्देश श्रोते त्याच्याच ठायी करतात. गायक बदलला म्हणजे हा निर्देश निराधार होतो, आणि नवा अल्बम हे त्याची पुनःस्थापना करण्याचे प्रमुख साधन ठरते. एसी-डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचा १९८० सालचा ‘बॅक इन ब्लॅक’ हा अल्बम या प्रक्रियेचे बोलके उदाहरण होय.

मॅल्कम व अँगस यंग हे बंधू मूळचे ग्लासगोचे. त्यांचे कुटुंब १९६३ साली ऑस्ट्रेलियात गेले व १९७३ साली सिडनी येथे या बंधूंनी बँड स्थापन केला. पुढील वर्षी बॉन स्कॉट हे त्याचे मुख्य गायक झाले. १९७९ च्या ‘हायवे टू हेल’ या अल्बमने बँडला अमेरिकेत मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. परंतु १९ फेब्रुवारी १९८० रोजी स्कॉट यांचे लंडन येथे वयाच्या तेहतिसाव्या वर्षी निधन झाले. बँड विसर्जित करावा की काय, असा विचार झाल्यानंतर ईशान्य इंग्लंडमधील ब्रायन जॉन्सन यांची निवड करण्यात आली. ते पूर्वी ‘जॉर्डी’ नामक बँडमध्ये गात असत. टाइन नदीकाठच्या लोकांना व त्यांच्या बोलीला हेच नाव आहे.

येथे एक भाषिक बाब लक्षात घेतली पाहिजे. जॉन्सन यांच्या बोलण्यात ती बोली ठळकपणे जाणवते. गाण्यात ती फारशी उमटत नाही. ब्रिटिश गायक गाताना अमेरिकन उच्चारांकडे झुकतात, हे पीटर ट्रडगिल यांनी १९८३ साली साधार दाखवून दिले. म्हणजे रॉक गीतातील उच्चार बऱ्याच अंशी गायकाचा नसून त्या संगीतप्रकाराचा असतो. ‘मी’ एका गायकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, याचे एक कारण या सामाईक उच्चारात आहे.

आवाजाचा पोत मात्र सामाईक नसतो. स्कॉट यांचे गायन संभाषणाला जवळचे होते. त्यात खोडकर कथनकाराची लकब होती. जॉन्सन यांचा आवाज अधिक उंच व खरखरीत. स्वरतंतूंचे कंपन नियमित न राहता त्यात गोंगाटाचा अंश मिसळला म्हणजे अशी खरखर उत्पन्न होते. शिवाय आवाजाची मूळ वारंवारता फार वर गेली की मुखविवरातील अनुनादांवर अवलंबून असलेले स्वरास्वरांतील भेद पुसट होऊ लागतात. अशा आवाजाला दीर्घ कथनापेक्षा थोडक्या शब्दांचे, पुनःपुन्हा येणारे ध्रुवपद अधिक मानवते. साथीला मॅल्कम यंग व क्लिफ विल्यम्स यांचे आवाज असल्याने ते ध्रुवपद समूहाचेही होते.

अल्बमचे ध्वनिमुद्रण एप्रिल-मे १९८० मध्ये बहामा बेटांतील नासाऊ येथे झाले. निर्माते रॉबर्ट जॉन लँग हे ‘हायवे टू हेल’चेही निर्माते होते. दहाही गीतांचे श्रेय यंग बंधू व जॉन्सन या तिघांकडे असून शब्दरचना जॉन्सन यांची आहे. खरी अडचण येथेच होती. मृताचा शोक बँडने करावयाचा, परंतु शब्द व आवाज नवागताचे. त्याने विलाप केला असता तर तो उसना वाटला असता. मृत्यूचा उल्लेख टाळला असता तर ते कृतघ्नपणाचे दिसले असते. ही अडचण शोकाचा भार शब्देतर चिन्हांवर टाकून सोडविण्यात आली. वेष्टन काळे ठेवण्यात आले. पहिल्या गीताच्या आरंभी गिटारपूर्वी जो संथ घंटानाद ऐकू येतो, त्यासाठी इंग्लंडमधील लफबरो येथे सुमारे एक टन वजनाची घंटा ओतविण्यात आली. शब्दांत मात्र विलाप नाही. शीर्षकगीतात स्कॉट यांचे नाव येत नाही. त्यातील वक्ता आपण परत आल्याचे ऐटीत सांगतो. हा ‘मी’ दिवंगत गायकाचा, नव्या गायकाचा आणि बँडचा, असा तिहेरी वाचता येतो. ही संदिग्धता हा दोष नसून तेच या रचनेचे बळ आहे.

या हस्तांतरालाही मर्यादा आहेत. १९७५ सालच्या ‘इट्स अ लाँग वे टू द टॉप’ या गीतात बँडच्या उमेदवारीतील हालअपेष्टांचे कथन असून ते स्कॉट यांच्याशी एकरूप झालेले आहे. जॉन्सन यांनी आदरापोटी ते गाण्याचे टाळले. मराठीतील अभंगाशी तुलना केल्यास हा संकोच उलगडतो. अभंगाच्या अखेरीस कवीची नाममुद्रा असल्याने कीर्तनकार कोणीही असो, ‘मी’ कोणाचा याविषयी शंका राहत नाही. रॉक गीताला मुद्रा नसते. गायक स्वतःच तिची जागा घेतो.

पुढे २०१६ साली श्रवणदोषामुळे जॉन्सन यांना दौरा सोडावा लागला, तेव्हा उरलेले कार्यक्रम अॅक्सल रोझ यांनी पार पाडले. त्यांच्यासह अल्बम मात्र झाला नाही. २०२० च्या ‘पॉवर अप’ या अल्बमसाठी जॉन्सन परतले. दुसऱ्याची गीते गाऊन कार्यक्रम निभावता येतो. बँडचा गायक होण्यासाठी मात्र नव्या गीतांतून ‘मी’ नव्याने प्रस्थापित करावा लागतो.