दोन हजार फेऱ्यांच्या अलीकडे आणि पलीकडे

छोट्या टर्बो एसयूव्हीचा स्वभाव ओळखायचा असेल तर तिला जुळे सोलापुरातून आसरा पुलावर चढवून बघावं. मे महिन्याची दुपार, गाडीत पाच माणसं, एसी जोरात आणि चढावर पुढच्या रिक्षा मुंगीच्या चालीनं सरकताहेत. दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला तर गाडी आधी ऐकतच नाही. मग एकदम उचलते आणि लगेच ब्रेक लावावा लागतो. तीच गाडी विजापूर रोडला सैफुलच्या पुढे मोकळ्या रस्त्याला लागली की अशी पळते, की इंजिन बाराशे सीसीचं आहे यावर विश्वास बसू नये. या दोन्ही वागण्यांचं मूळ एकच आहे. ते समजलं की गाडी निवडणं सोपं जातं आणि चालवणं त्याहून सोपं.

बाराशे सीसीच का, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर करांच्या कोष्टकात आहे. आपल्याकडे चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीच्या आत पेट्रोल इंजिन (डिझेल असेल तर १५०० सीसीच्या आत) असेल तर ती छोटी गाडी ठरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि या चौकटीबाहेरच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के. ग्राहकाला मात्र उंच, दणकट, डिकी असलेली, सव्वा टनाच्या घरातली गाडी हवी असते. एवढं वजन इवल्याशा इंजिनानं ओढायचं तर त्याला बाहेरून मदत हवी, आणि ती मदत म्हणजे टर्बो. या प्रकारच्या गाड्यांचं आपलं राज्य जवळजवळ माहेरघरच आहे. टाटांची नेक्सॉन २०१७ साली बाजारात आली, ती रांजणगावच्या कारखान्यातून. महिंद्राची एक्सयूव्ही ३०० ही २०१९ मध्ये नाशिकमधून आली आणि २०२४ मध्ये तिचीच एक्सयूव्ही ३एक्सओ झाली. स्कोडाची कायलॅक चाकणला बनते.

आता इंजिनाच्या आत डोकावू. पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं त्याच्या पावणेपंधरा पट हवा लागते. इंजेक्टरनं जास्त पेट्रोल सोडणं कठीण नाही. अडचण हवेची असते. साधं इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढेल तेवढ्यावरच भागवतं. म्हणजे ताकद वाढवायची तर एक तर इंजिन मोठं करा किंवा हवा दाबून आत भरा. दुसरा मार्ग आल्फ्रेड ब्युशी या स्विस अभियंत्यानं दाखवला आणि १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याची नजर सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावर होती. जळालेल्या इंधनातली जवळपास एक तृतीयांश ऊर्जा त्या धुराबरोबर वाया जाते. या तापलेल्या धुराच्या वाटेत भिरभिऱ्यासारखं एक पातं ठेवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं पातं बसवायचं आणि त्यानं बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलायची. एवढीच ती युक्ती. मूठभर आकाराचा हा टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकतो. दाब गरजेपेक्षा वाढायला लागला की वेस्टगेट नावाची झडप उघडते आणि उरलेला धूर पात्याला वळसा घालून निघून जातो.

टर्बोचा परिणाम टाटांच्याच दोन गाड्यांत छान दिसतो. २०२१ मध्ये आलेल्या पंचचं इंजिन ११९९ सीसीचं, तीन सिलिंडरचं, टर्बोविना. त्याचा टॉर्क ११५ न्यूटन मीटरच्या आसपास. नेक्सॉनचं पेट्रोल इंजिनही ११९९ सीसीचं आणि तीन सिलिंडरचंच, पण टर्बोमुळे टॉर्क १७०. चाक फिरवण्याचा जोर म्हणजे टॉर्क. आपण ज्याला ‘पिकअप’ म्हणतो त्याचा जीव यात आहे. बीएचपीचा, म्हणजे ताकदीचा, आकडा हा टॉर्क आणि इंजिनाचे फेरे यांच्या गुणाकारातून येतो. तो साधारण मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेऱ्यांवर गाठला जातो, आणि रोजच्या वापरात तिथवर कुणी जात नाही. म्हणून माहितीपत्रकात टॉर्कपुढे बारीक अक्षरात लिहिलेला आकडा आधी वाचावा. एक्सयूव्ही ३०० च्या पेट्रोल इंजिनात २०० न्यूटन मीटर मिळतात ते २००० ते ३५०० फेऱ्यांच्या दरम्यान. कायलॅकच्या एक लिटर इंजिनात १७८ मिळतात ते १७५० ते ४००० मध्ये. हा पट्टा म्हणजेच त्या गाडीचं व्यक्तिमत्त्व.

पट्ट्याच्या खाली काय होतं? फेरे कमी म्हणजे धूर कमी, धूर कमी म्हणजे पातं मंद, आणि दाबलेली हवा जवळपास नाहीच. अशा वेळी सव्वा टनाची गाडी हे बाराशे सीसीचं इंजिन एकटंच ओढत असतं. त्यात एसीचा कॉम्प्रेसरही त्याच इंजिनाकडून ताकद मागत असतो. आसरा पुलावरची मरगळ ती हीच. पाय दाबल्यावर धूर वाढायला, पात्याला वेग यायला आणि दाब तयार व्हायला क्षण-दोन क्षण जातात, त्याला टर्बो लॅग म्हणतात. पूर्वीच्या मानानं आजचे टर्बो लहान आणि हलके असल्यानं तो पुष्कळ कमी झालाय, पण संपलेला नाही. तीन सिलिंडर ठेवण्यात खर्च आणि घर्षण वाचतंच, शिवाय टर्बोचीही सोय होते. तीन सिलिंडरमध्ये क्रँक दर २४० अंश फिरला की एक ठिणगी पडते, त्यामुळे एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या धुरात घुसत नाही आणि पात्याला प्रत्येक ठोका स्वच्छ मिळतो. बदल्यात सिग्नलला उभं असताना सीटला आणि स्टेअरिंगला थोडी थरथर जाणवते. तिला बिघाड समजू नये.

सोलापूरकरांनी विशेष लक्ष द्यावं ते उष्णतेकडे. हवा दाबली की तापते. टर्बोतून बाहेर पडताना तिचं तापमान शंभर अंशांच्या वर सहज जातं. तापलेली हवा विरळ असते, शिवाय पेट्रोल वेळेआधी भडकण्याचा धोका असतो, ज्याला आपले मेकॅनिक ‘इंजिन नॉक करतंय’ म्हणतात. म्हणून वाटेत इंटरकूलर नावाचा रेडिएटर असतो. पण तो थंड करणार बाहेरच्याच हवेनं, आणि ती इथे मेमध्ये ४३ अंशांची. जानेवारीतल्या पंधरा अंशांच्या सकाळच्या तुलनेत ही हवा मुळातच नऊएक टक्के विरळ. गाडी रांगेत अडकलेली असेल तर इंटरकूलरला वाराही लागत नाही. अशा वेळी नॉकिंग होऊ नये म्हणून इंजिनाचा संगणक ठिणगी उशिरा टाकतो, आणि गाडी जड वाटते. नवी आणलेली गाडी डिसेंबरात चपळ आणि मे महिन्यात सुस्त वाटली तर कारण बहुतेक हे असतं.

याच ठिकाणी आपल्या जिल्ह्याचा ऊस गाडीच्या टाकीत येतो. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत तयार होणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असतं. इथेनॉल सहजासहजी वेळेआधी भडकत नाही आणि वाफ होताना उष्णता शोषून घेतं. त्यासाठी जुळवलेल्या टर्बो इंजिनाला हे दोन्ही गुण मानवतात. मात्र लिटरमागे त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, तेव्हा अॅव्हरेज थोडं उतरणारच.

चालवण्याचं तंत्र या सगळ्यातून आपोआप निघतं. मंद्रूपच्या बाजूला दुपदरी रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे आहे आणि आपण तीसच्या वेगानं त्याच्यामागे तिसऱ्या गिअरमध्ये आहोत असं धरा. फेऱ्यांचा काटा पंधराशेच्या आसपास असेल. इथे नुसता पाय दाबून बाहेर निघणं धोक्याचं, कारण गाडी उजवीकडे आल्यावर टर्बो जागा होत बसेल आणि समोरचं वाहन जवळ येत राहील. आधी दुसरा गिअर टाकावा, काटा दोन हजारांच्या वर जातो, पातं वेग धरतं. मग रस्ता पूर्ण मोकळा दिसला की निघावं. दोन्ही ट्रॉल्यांची लांबी मनात मोजलेली असावी. तुळजापूरच्या घाटातही हाच नियम: वळणाच्या आत गिअर उतरवलेला हवा. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स कमी फेऱ्यांवरची ही उणीव बरीच झाकतो, आणि एएमटी त्या मानानं कमी झाकतो. चालवून बघताना हा फरक जरूर तपासावा.

उंचीचाही हिशेब असतो. नेक्सॉनच्या पोटाखाली दोनशे मिलिमीटरच्या वर जागा आहे, म्हणून कॉलनीतले गतिरोधक आणि पावसाळ्यातले खड्डे सुसह्य होतात. पण वजन उंचावर गेलं की वळणावर गाडी झुकते, आणि ते आवरायला स्प्रिंग कडक ठेवावे लागतात. मागे बसलेल्या आजीला कमी वेगात दणके जाणवतात ते त्यामुळे. उंच तोंडावर वाराही जास्त बसतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे ऐंशीच्या तुलनेत एकशे वीसला सव्वादोन पट. त्यात सतत दाबलेली हवा म्हणजे सतत जादा पेट्रोल. पुणे रोडला नव्वदच्या आसपास चालणाऱ्याचं आणि एकशे वीसला पळवणाऱ्याचं अॅव्हरेज इतकं वेगळं का येतं, ते यावरून कळावं.

देखभालीत एकच गोष्ट जिवापाड जपायची, ऑइल. टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो आणि त्याच्या एका टोकाला नऊशे अंशांच्या आसपासचा धूर असतो. कंपनीनं सांगितलेल्या प्रतीचंच ऑइल घालावं आणि किलोमीटर भरले नसले तरी मुदत संपली की बदलावं. काळ्या मातीची धूळ उडणाऱ्या आपल्या भागात एअर फिल्टर सांगितल्यापेक्षा लवकर बघावा. आणि तेरामैलवरून भरधाव येऊन दारात उभी केलेली गाडी लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट चालू ठेवावी, म्हणजे ऑइल फिरत राहतं, दांड्याची उष्णता घेऊन जातं आणि तिथे जळून त्याची काजळी धरत नाही.