बायपोलर आजार: बरं वाटू लागलं की गोळ्या थांबवायच्या का?

"डॉक्टर, सहा महिने सगळं ठीक आहे. आता गोळ्या बंद करू का?" हा प्रश्न मला पेशंटपेक्षा घरचे जास्त विचारतात. ठीक आहे ते बहुतेक वेळा गोळ्यांमुळेच. ही औषधं तापाच्या कोर्ससारखी नसतात. आजाराचा पुढचा झटका येऊ नये म्हणून ती चालू ठेवायची असतात.

यातलं सगळ्यात जुनं आणि आजही भरवशाचं औषध म्हणजे लिथियम. 1949 साली ऑस्ट्रेलियाच्या डॉ. जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला. ते आत्महत्येचा धोकाही कमी करतं. पण एकदम सोडलं तर काही महिन्यांतच उन्माद उलटू शकतो. थांबवायचंच असेल तर मानसोपचारतज्ज्ञ निदान चार आठवडे, शक्यतो तीन महिने घेऊन डोस कमी करत नेतात.

लिथियमचा उपयुक्त डोस आणि विषारी डोस यांत अंतर कमी असतं, म्हणून रक्ततपासणी टाळू नका. शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी रक्त द्यायचं. पातळी साधारण 0.6 ते 0.8 हवी, काहींना थोडी जास्त लागते. किडनी आणि थायरॉईडची तपासणी दर सहा महिन्यांनी.

आपल्या वसईत, मग तुम्ही होळीला राहा की नालासोपाऱ्याला, एप्रिल-मेचा घामटा आणि पावसाळ्यातले जुलाब ठरलेले. शरीरातलं पाणी-मीठ कमी झालं की लिथियम रक्तात साठतं. त्यात गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आयब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून घेतलं, तर आणखी वाढतं. (पॅरासिटामॉल चालतं.) बीपीच्या काही गोळ्यांनीही तसंच होतं, तेव्हा लिथियम चालू असल्याचं माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरलाही आधी सांगा. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, उलट्या-जुलाब असं दिसलं तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक आहे. मूल हवं असलेल्या स्त्रियांनी डॉक्टरांशी आधीच बोलावं, पण गोळी मनाने सोडू नये.

घरच्यांनी झोपेवर लक्ष ठेवावं. रात्री दोन-तीन तासच झोपूनही माणूस ताजातवाना असेल, खर्च आणि बडबड वाढली असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर टेलि-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.