झिजलेला अंगठा आणि थांबलेले पेन्शन

आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्ती रक्तदाबाची गोळी दिवसाआड घेऊ लागली असेल, तर तो विसराळूपणा आहे असे समजून थांबू नका. त्यांचे बँकेचे पासबुकही एकदा उघडून पाहा. हजार-दीड हजारांचे मासिक अनुदान बंद पडले की म्हातारी माणसे घरात कुणाला न सांगता स्वतःच्या औषधात आणि दुधात काटकसर सुरू करतात. पैसे का थांबले हे विचारायला तहसील कचेरीत जाण्यापेक्षा त्यांना ती काटकसर सोपी वाटते.

गोंदिया हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला, धानाचा, राइस मिलचा आणि तेंदूपत्त्याचा जिल्हा. येथील आजच्या सत्तरीतील कितीतरी स्त्री-पुरुषांनी शेतमजुरी, हमाली किंवा बिडीकाम करून संसार उभे केले. बिडी वळणारीचा दिवस ओलवलेले पान कात्रीने कापण्यात, अंगठा आणि बोटांनी ते गुंडाळण्यात, टोके दुमडण्यात आणि दोरा बांधण्यात जातो. वर्षानुवर्षे असे काम केल्यावर बोटांवरील रेषा पुसट होतात. वाढत्या वयाने त्वचा पातळ होते ती वेगळीच. मग रेशन दुकानातील किंवा बँकेच्या केंद्रातील यंत्र अंगठा ओळखत नाही आणि आजी रिकाम्या हाताने परत येते. ज्या कामाने हक्क मिळवून दिला, त्याच कामाने तो सिद्ध करण्याचे साधन झिजवले, हे मला या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत बोचणारे वाटते.

यावर उपाय आहे, आणि तो आपल्या खिशातील मोबाइलमध्ये आहे. पेन्शनधारकाच्या हयातीचा डिजिटल दाखला, म्हणजे ‘जीवन प्रमाण’, आता अंगठ्याऐवजी चेहऱ्याच्या ओळखीने देता येतो. त्यासाठी ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन अ‍ॅप लागतात. आजोबांना उजेडाकडे तोंड करून बसवा, मागे भिंत मोकळी असू द्या आणि सांगितले जाईल तेव्हा त्यांना पापण्या मिटून उघडायला सांगा. मोबाइलची सवय नसल्यास पोस्टमनला बोलवा. ७० रुपये शुल्कात तो घरी येऊन हा दाखला करून देतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला खुर्चीत बसवून बँकेत नेण्याचा सोस करू नये.

बिडी कामगारांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाया ‘कामगार’ नाहीतच, असा कारखानदारांचा युक्तिवाद असे. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि त्यांनाही भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू असल्याचा निर्वाळा दिला. पुढे १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी पेन्शन योजना आली. दहा वर्षांची सेवा भरलेल्यास वयाच्या ५८ व्या वर्षापासून तीतून पेन्शन मिळते. किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे. ती वाढावी म्हणून या योजनेचे वृद्ध पेन्शनधारक वर्षानुवर्षे आंदोलने करीत आले आहेत. हजार रुपयांत आज महिन्याची औषधे तरी येतात का, हे आपण जाणताच.

तरीही ते हजार रुपये सोडू नका. कामावर असताना मृत्यू आलेल्या सदस्याची एक महिन्याची वर्गणी जरी जमा असली, तरी त्याच्या विधवेला या योजनेत पेन्शनचा हक्क असतो. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे अर्जच न केलेल्या बाया असतात. घरातील जुनी पेटी उघडा, निधीचा क्रमांक लिहिलेले एखादे चिठोरे सापडते का ते पाहा. नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख आधारशी जुळत नसेल, तर ती दुरुस्ती आधी करून घ्या. बहुतेक गाडी तेथेच अडते. आणखी एक गैरसमज असा, की हयातीचा दाखला नोव्हेंबरातच द्यावा लागतो. सरकारी पेन्शनला ते लागू आहे. या योजनेत तो वर्षात केव्हाही देता येतो आणि त्या दिवसापासून वर्षभर चालतो.

आता पासष्टाव्या वाढदिवसाकडे वळू. ‘लाडकी बहीण’ योजनेत स्त्रीला वयाच्या ६५ वर्षांपर्यंत दरमहा १,५०० रुपये मिळतात. त्यानंतर ते थांबतात. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना ६५ व्या वर्षी सुरू होते आणि रक्कमही तेवढीच, म्हणून घरच्यांची समजूत होते की एक बंद होऊन दुसरे आपोआप सुरू होईल. तसे होत नाही. त्यासाठी तहसील कार्यालयात वेगळा अर्ज करावा लागतो. रहिवासाचा, उत्पन्नाचा आणि वयाचा पुरावा जोडावा लागतो. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीकडे जन्माचा दाखला नसतो. अशा वेळी शासकीय रुग्णालयातून वयाचा दाखला मिळू शकतो. म्हणून वाढदिवसाच्या चार-सहा महिने आधीच कागद जमवायला लागा.

खरी अडचण मात्र कागदांच्या पलीकडे आहे. ‘लाडकी बहीण’साठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालते, श्रावणबाळसाठी मर्यादा २१,००० रुपयांची, म्हणजे महिन्याला १,७५० रुपयांची आहे. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातील एकाच माणसाने शंभर दिवस काम केले तरी ३१,२०० रुपये होतात. अर्थात, कायद्याने दिलेले काम पूर्ण करणाऱ्या मजुराची आई नियमाच्या चौकटीत ‘गरीब’ ठरत नाही. ६४ व्या वर्षी मदतीस पात्र असलेली बाई ६६ व्या वर्षी, गुडघे अधिक दुखत असताना, अपात्र व्हावी, याला मला कोणतेही समर्थन सुचत नाही. ही मर्यादा वाढवणे शासनाच्या हातात आहे. आपण ग्रामसभेत हा विषय मांडून तसा ठराव करवून घेऊ शकता.

आणि पैसे मंजूर होऊनही दिसत नसतील तर? अनुदान आता आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होते. आधार मात्र एका वेळी एकाच खात्याशी अशा रीतीने जोडलेले असते, बहुधा सर्वांत शेवटी जोडलेल्या. दरम्यान कुणाच्या तरी आग्रहावरून दुसऱ्या बँकेत नवे खाते उघडले असेल, तर रक्कम तिकडे जाते आणि आजी जुन्याच पासबुकावर नोंद करून घेत हताश होते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहिली की पाच मिनिटांत उलगडा होतो.

या सर्व गोष्टी तरुण माणसाला किरकोळ वाटतील. सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावातील, एकट्या राहणाऱ्या म्हातारीला त्या डोंगराएवढ्या असतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की प्रत्येक ग्रामपंचायतीत महिन्यातून एक ठरलेला दिवस केवळ पेन्शन आणि अनुदानाच्या कामासाठी असावा, आणि पासष्टीला पोहोचणाऱ्यांची यादी तलाठ्याने स्वतःहून काढावी. नोंदी शासनाकडेच आहेत.

तोपर्यंत एक तारीख लक्षात ठेवा. भविष्य निर्वाह निधी संघटनेचे ‘निधी आपके निकट’ शिबिर दर महिन्याच्या २७ तारखेला प्रत्येक जिल्ह्यात भरते. नागपूरची वारी त्यामुळे टळू शकते. जाण्यापूर्वी ठिकाणाची चौकशी करा. आधार, पासबुक, निधीचा क्रमांक आणि पतीचे निधन झाले असल्यास मृत्यूचा दाखला सोबत घ्या. कुठे काय करावे हेच कळत नसेल, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या विनाशुल्क क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. शिबिराला जाताना दुपारची गोळी आणि पाण्याची बाटली पिशवीत ठेवा. रांग लांब असते.