लहान बेट, मोठे क्षितिज

आयर्लंड हे नाव मराठी माणसाला परके नाही. १९१६ साली लोकमान्यांनी बेळगावास होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा त्या चळवळीचे नावच मुळी आयर्लंडातून आलेले होते. इंग्रजी सत्तेशी झगडणारे, दुष्काळात होरपळलेले आणि पोटासाठी परदेशची जहाजे धरणारे राष्ट्र, अशीच त्याची प्रतिमा आपल्या मागच्या पिढ्यांच्या मनावर ठसली. आज त्या चित्रात मोठाच पालट झाला आहे. २०२२ च्या खानेसुमारीत या देशाची वस्ती एक्कावन्न लाखांच्या घरात भरली. आपला एकटा नाशिक जिल्हा त्याहून मोठा! पण एवढासा हा देश जर्मनी-फ्रान्ससारख्या बड्या राष्ट्रांच्या मांडीला मांडी लावून बसतो आणि संशोधनासाठी युरोपचा पैसा जिंकून आणतो. हा पैसा कोठून येतो, तो मिळवावा कसा लागतो आणि त्याने देशाच्या पदरात नेमके काय पडते, हे समजून घेण्याजोगे आहे.

आयर्लंडात बुद्धीचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा होता तो साधनांचा. हवेतील वायू उष्णता कशी शोषून घेतात हे प्रयोगाने दाखविणारा जॉन टिंडल कार्लो परगण्यातला, पण त्याची कीर्ती झाली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये. अर्नेस्ट वॉल्टनने १९३२ साली कॉकक्रॉफ्टच्या जोडीने अणुकेंद्र फोडले ते केंब्रिजला. १९३४ साली तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात परतला, त्याने तेथे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी घडविले, १९५१ साली त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. परंतु केंब्रिजसारखी यंत्रसामग्री डब्लिनमध्ये कोठून असणार? डोनेगल परगण्यात जन्मलेल्या विल्यम कँपबेलला २०१५ साली नोबेल मिळाले, ते अमेरिकेतील औषधाच्या कंपनीत केलेल्या कामासाठी. दिवा घरचा, पण उजेड शेजाऱ्याच्या ओसरीवर, असा हा प्रकार होता.

१९७३ साली आयर्लंड युरोपीय समूहात सामील झाला. पुढे १९८४ पासून त्या समूहाने संशोधनासाठी अनेक वर्षांच्या सामायिक योजना आखण्यास प्रारंभ केला. ‘होरायझन’, म्हणजे क्षितिज, हे नाव या योजनांना २०१४ साली लाभले. ‘होरायझन २०२०’ सुरू झाली तेव्हा युरोपच्या संशोधनखात्याची सूत्रे मॉयरा गेगन-क्विन या आयरिश बाईंच्याच हाती होती, हा एक गमतीचा योग. त्यानंतरची ‘होरायझन युरोप’ ही योजना २०२१ ते २०२७ या सात वर्षांची. तिच्यासाठी प्रारंभी सुमारे साडेनऊ हजार कोटी युरोंची तरतूद झाली, आणि त्यातून दीडशे कोटी युरो जिंकून आणावयाचे असे उद्दिष्ट आयर्लंडने स्वतःपुढे ठेवले.

जिंकून आणावयाचे, हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. या पैशात कोणत्याही देशाचा ठरलेला वाटा नसतो. सगळी सभासद राष्ट्रे आपापली वर्गणी युरोपच्या तिजोरीत भरतात, आणि जो अर्ज गुणांनी सरस ठरेल त्याच्या पदरात पैसा पडतो. आयर्लंड एके काळी या तिजोरीतून घेणारा देश होता, आता तो घेतो त्याहून अधिक देणारा झाला आहे. तेव्हा त्याचे संशोधक स्वस्थ बसले, तर घरचीच वर्गणी परक्याच्या प्रयोगशाळेत खर्ची पडणार! म्हणूनच आयरिश सरकार या अर्जांकडे एवढ्या बारकाईने पाहते.

पैसा मिळविण्याच्या वाटा निरनिराळ्या आहेत. पहिली वाट एकट्या विद्वानाची. २००७ साली स्थापन झालेली युरोपीय संशोधन परिषद उमेदीच्या संशोधकाला पाच वर्षांसाठी पंधरा लाख युरोपर्यंत अनुदान देते, नाणावलेल्याला पंचवीस लाखांपर्यंत. विषय कोणता हे ती सांगत नाही. कल्पना नवी आणि भक्कम असावी, एवढीच अट. मराठीच्या अध्यापकाला विशेष वाटावे ते हे, की भाषा आणि इतिहास यांनाही येथे मज्जाव नाही. मेनूथ विद्यापीठातील ‘क्रोनॉलॉजिकॉन हायबर्निकम’ या प्रकल्पाला याच परिषदेने पैसा पुरविला. प्राचीन आयरिश भाषेत कोणता बदल केव्हा झाला, हे जुन्या ग्रंथांवरून आणि संख्याशास्त्राच्या साहाय्याने ठरविण्याचे ते काम. आपल्या महानुभाव गद्याचा काळ ठरविताना ज्यांनी डोकी खाजविली आहेत, त्यांना याची किंमत सांगावयास नको.

दुसरी वाट मेरी क्यूरीबाईंच्या नावाची. तीत संशोधकाने देश बदलावा लागतो. ज्या देशात जावयाचे, तेथे मागील तीन वर्षांत बारा महिन्यांहून अधिक काळ राहिलेले नसावे, असा तिचा सर्वसाधारण दंडक. ती कोणत्याही राष्ट्राच्या नागरिकाला खुली आहे. म्हणजे पुण्या-नागपुरातील पीएच. डी. झालेली मुलगी कॉर्क किंवा गॉलवे येथील मार्गदर्शकाबरोबर अर्ज करू शकते. या लेखाचा आपल्याशी थेट संबंध असलाच तर तो येथे आहे.

तिसरी वाट मंडळींनी मिळून चालावयाची. गाव करी ते राव न करी, हे तिचे सूत्र. निदान तीन निरनिराळ्या देशांतील तीन स्वतंत्र संस्थांनी एकत्र यावे लागते. चौथी वाट लहान कंपन्यांची. बाजारात अद्याप न आलेल्या धाडसी कल्पनेसाठी युरोपीय नवोपक्रम परिषद पंचवीस लाख युरोंपर्यंत अनुदान देते, शिवाय भागभांडवलही घालते. आधी छोटा अर्ज, मग सविस्तर अर्ज, मग परीक्षकांपुढे समक्ष मुलाखत, अशा तीन चाळण्यांतून उद्योजकाला जावे लागते.

या चाळण्या बारीक आहेत. २०२४ साली संशोधन परिषदेकडे उमेदीच्या संशोधकांचे सुमारे साडेतीन हजार अर्ज आले, मंजूर झाले पाचशेच्या आत. दहा-बारा माणसांच्या कंपनीने महिनोन्‌महिने अर्जात घालवावे आणि हाती नकार यावा, हे नेहमीचेच. शिवाय बाजाराच्या जवळ गेलेल्या प्रकल्पांत नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला बहुधा सत्तर टक्केच खर्च मिळतो, उरलेला खिशातून घालावा लागतो. येथे एंटरप्राइज आयर्लंड ही सरकारी संस्था मदतीला येते. कोणत्या विषयाला कोणते दार, जोडीदार कोठे सापडेल, अर्जात काय उणे आहे, हे सांगणारी जाणती माणसे तिने नेमलेली आहेत. अर्ज उत्तम ठरूनही पैसा संपल्यामुळे राहून गेला, तर काही योजनांत गुणवत्तेची मोहोर मिळते. ती दाखवून दुसऱ्या दारी जाता येते.

परंतु खरा प्रश्न याहून खोल आहे. संशोधन परिषदेचे अनुदान विद्यापीठाच्या नावाने बांधलेले नसते, ते संशोधकाबरोबर जाऊ शकते. उद्या त्याला म्युनिक किंवा झुरिकहून चांगले बोलावणे आले, तर तो माणूस पैशासकट निघाला! म्हणजे वॉल्टनच्या काळातली अडचण संपलेली नाही, तिचे रूप तेवढे पालटले आहे. पूर्वी पैसा नाही म्हणून विद्वान जात. आज पैसा गाठीला असूनही ते जाऊ शकतात. त्यांना राखावयाचे तर कायमची नोकरी हवी, सुसज्ज प्रयोगशाळा हवी आणि राहावयास परवडणारे घर हवे. डब्लिनमध्ये घरभाड्याने सामान्य माणूस मेटाकुटीला आलेला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व कळते. ब्रुसेल्सहून अनुदान आणता येते, घरे मात्र आपली आपणच बांधावी लागतात.

हे ओळखून आयर्लंडने पावले टाकली आहेत. विज्ञानाचा आणि इतर विद्यांचा पैसा वाटणाऱ्या दोन संस्था एकत्र करून २०२४ च्या ऑगस्टमध्ये ‘रिसर्च आयर्लंड’ स्थापन झाली. कॉर्कमध्ये जुन्या माल्ट-कोठारांच्या आवारात आज सूक्ष्म इलेक्ट्रॉनिकीची एक मोठी संस्था उभी आहे, आणि तिला नाव दिले आहे टिंडलचे. ज्याचे कार्य परदेशात बहरले, त्याचे नाव मायदेशीच्या प्रयोगशाळेवर कोरले गेले. युरोपच्या अनुदानावर तेथे देशोदेशीचे तरुण काम करीत असतात.

२०२८ ते २०३४ या पुढच्या योजनेसाठी युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये साडेसतरा हजार कोटी युरोंचा प्रस्ताव मांडला. क्षितिज असे विस्तारत चालले आहे. पण क्षितिजाकडे पाहणाऱ्याचे पाय कोठल्या तरी जमिनीवर असावे लागतात. ती जमीन घरचीच असावी, यासाठी या लहानशा बेटाची धडपड चालली आहे. आणि जिथली हुशार मुले दरसाल परदेशाची वाट धरतात, त्या आपल्या प्रांताला ती धडपड अनोळखी वाटू नये.