पाळणा झालेली गाडी

आमच्या आईला आमची बारा वर्षांची गाडी फार आवडायची. मागच्या सीटवर बसली की म्हणायची, "पाळण्यात बसल्यासारखं वाटतं बघ." मलाही बरं वाटे. खड्ड्यातून गेली की गाडी दोन-तीन हेलकावे घेई आणि मग शांत होई. आम्ही त्याला सुख समजत होतो. ते दुखणं होतं, हे कळायला चोर्ला घाट लागला.

गेल्या पावसाळ्यात आईला घेऊन साखळीला मामांकडे निघालो होतो. जांबोटी, कणकुंबी मागे पडली. घाटात उताराच्या एका वळणावर पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही. दणका बसला, गाडी उसळली. मी ब्रेक दाबला, पण गाडी थांबायच्या ऐवजी पलीकडच्या बाजूला सरकली. समोरून बस येत होती. त्या ड्रायव्हरने बस कडेला दाबली म्हणून निभावलं. बायको धारवाडकडची, तिच्या तोंडून एवढंच आलं, "सावकाश होग्री." खरं तर मी सावकाशच चाललो होतो.

बेळगावला परतल्यावर उद्यमबागेतल्या आमच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेटचा एक कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. शॉकअप चांगला असेल तर ती वर येऊन तिथेच स्थिरावते. मग चाकाच्या आत बॅटरी मारून म्हणाले, "नोड्री सर, एण्णी सोरतैती." तेल गळून त्यावर धुळीचा काळा थर बसला होता.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे 'मॅकफर्सन स्ट्रट' असतो. अमेरिकन इंजिनिअर अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाची ही रचना. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० लाही पुढे हीच होती. यात स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि मधला शॉकअप स्प्रिंगची उसळी मारतो. त्याच्या नळीत दट्ट्या असतो. तो तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो आणि हेलकाव्याचा जोर तिथेच जिरतो. तेल गळून गेलं की स्प्रिंगला आवरायला कुणी उरत नाही. चाक रस्त्यावर टेकण्याऐवजी उड्या मारतं, आणि हवेतल्या चाकाला ब्रेक लागून काय उपयोग? शिवाय चाक उभं धरून ठेवणंही स्ट्रटकडेच असतं.

"गळतोय तो एकच बदला," मी म्हणालो. मिस्त्री हसले. "एरडू बदलिसबेक्री. एक बैल तरणा, एक म्हातारा, गाडी सरळ चालंल काय?" पुढची जोडी एकदमच बदलायची. त्यांनी वरचं रबरी माउंटिंग आणि बेअरिंगही काढून दाखवलं. रबर चिरलं होतं. स्टिअरिंग वळवताना येणारा 'कट्ट' आवाज तिथला होता. खराब रस्त्यावरची टकटक लिंक रॉडची, आणि ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढायची ती खालच्या आर्मच्या झिजलेल्या बुशमुळे. ही टकटक मी वर्षभर ऐकत होतो. मुलाच्या कॉलेजच्या फीचं निमित्त करून पुढे ढकलत होतो. त्याच मुलाला शेजारी बसवून घाट उतरलो, हे तेव्हा आठवलं आणि मान खाली गेली.

काम चाललं तेव्हा तिथेच बसलो. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये भयंकर ताकद असते. शिकंज्याने ती आवळून धरल्याशिवाय वरचा नट सोडला तर ती जीवघेणी सुटते. म्हणून घरी पाना घेऊन हे करू नये. ब्रेकचा पाइप ताणू नये म्हणून मिस्त्रींनी चाकाचा भाग तारेने बांधून ठेवला. बुशचे बोल्ट त्यांनी गाडी जॅकवर असताना नुसते बसवले आणि चाकं जमिनीवर टेकल्यावरच पक्के आवळले. हवेत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटी व्हील अलाइनमेंट. ते टाळलं असतं तर टायर एका बाजूने झिजले असते.

पहिल्याच दिवशी आईने तक्रार केली, "गाडी कडक झाली रे." मी काही बोललो नाही. दिवाळीत पुन्हा त्याच घाटाने गेलो. त्याच वळणाजवळ पुन्हा खड्डा लागला. एकच धक्का बसला आणि गाडी जागच्या जागी स्थिर झाली. मागे पाहिलं, तर आईला झोप लागली होती.

झीज हळूहळू होते, म्हणून आपण तिला सरावतो. तेव्हा मंडळी, पुढच्या लांबच्या प्रवासाआधी एकदा बॉनेटचा कोपरा दाबून पाहा. एवढ्याने सगळंच कळत नाही, म्हणून चाकाच्या आत तेल गळतंय का तेही पाहा, आणि आवाज येत असेल तर मिस्त्रींना ऐकवा. आमच्या घरात 'सावकाश' हा शब्द दोन्ही भाषांत चालतो. फक्त गाडी दुरुस्तीला नेताना तो वापरायचा नाही, असं आता ठरलं आहे.