स्पिम (संगणक आज्ञावली)

'''स्पिम''' ही मिप्स जातीच्या संगणक-प्रक्रियकाचे, म्हणजेच प्रोसेसरचे, अनुकरण करणारी आज्ञावली (सिम्युलेटर) आहे. तिचे लेखक अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जेम्स लॅरस हे होत. 'मिप्स' हे नाव उलट्या क्रमाने लिहिले असता 'स्पिम' हे नाव मिळते. संगणक-रचनेच्या अभ्यासक्रमांत असेंब्ली भाषा शिकविण्यासाठी ही आज्ञावली अनेक देशांत वापरली गेली आहे.

== कार्य ==
प्रत्यक्ष मिप्स प्रक्रियक हाताशी नसतानाही त्यासाठी लिहिलेल्या सूचना साध्या संगणकावर चालवून पाहणे स्पिममुळे शक्य होते. असेंब्ली भाषेतील मजकूर ती थेट वाचते. एकेक सूचना पार पाडत असताना 32 रजिस्टरांतील व स्मृतीतील मूल्ये कशी बदलतात, हे विद्यार्थ्याला पाहता येते. मात्र कॅश स्मृती किंवा स्मृतीला लागणारा विलंब यांचे अनुकरण ती करीत नाही. त्यामुळे खऱ्या यंत्राचा वेग मोजण्यासाठी तिचा उपयोग होत नाही.

== लेखक आणि आवृत्त्या ==
लॅरस हे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील संगणकशास्त्र विभागात प्राध्यापक होते. स्पिमवरील त्यांची प्रताधिकाराची नोंद 1990 पासूनची आहे. डेव्हिड पॅटरसन व जॉन हेनेसी यांच्या संगणक-रचनेवरील प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाला लॅरस यांनी लिहिलेले परिशिष्ट जोडले गेले आणि स्पिमचा प्रसार वाढला. युनिक्ससाठी एक्सस्पिम, विंडोजसाठी पीसीस्पिम आणि पुढे सर्व प्रमुख प्रणालींवर चालणारी क्यूटीस्पिम अशी तिची रूपे झाली.

== परवाना ==
स्पिमचा परवाना काळानुसार बदलला. जुन्या आवृत्त्या विनामूल्य मिळत आणि स्वतःच्या वापरासाठी त्यांत बदलही करता येत असे. परंतु लॅरस यांच्या लेखी संमतीवाचून ती विकण्यास किंवा व्यापारी उत्पादनासोबत देण्यास मनाई होती. या अटीमुळे स्रोत-संहिता सर्वांना उपलब्ध असूनही त्या आवृत्त्या रूढ व्याख्येनुसार 'मुक्त सॉफ्टवेअर' ठरत नव्हत्या, कारण मुक्त परवान्यात कोणत्याही हेतूने वापर करण्याची मुभा असावी लागते. विनामूल्य असणे आणि मुक्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढे लॅरस यांनी स्पिम बीएसडी परवान्याखाली खुली केली. या परवान्यानुसार कोणालाही ती वापरता, बदलता, वाटता आणि विकताही येते. अटी मोजक्याच आहेत : प्रताधिकाराची नोंद व परवान्याचा मजकूर कायम ठेवावा, तसेच लेखकाचे किंवा सहभागी व्यक्तींचे नाव त्यांच्या परवानगीविना आपल्या उत्पादनाच्या शिफारशीसाठी वापरू नये. कोणतीही हमी दिलेली नाही, हेही त्यात नमूद आहे. येथे लेखकाने प्रताधिकार सोडलेला नाही. प्रताधिकार स्वतःकडे ठेवूनच त्याने इतरांना अधिकार दिले आहेत. परवाना बंधनकारक ठरतो तो या प्रताधिकाराच्याच आधारावर.

क्यूटीस्पिमचा दर्शनी भाग 'क्यूट' या संचावर उभारलेला असून त्या संचाचा परवाना वेगळा, ग्नू लेसर जनरल पब्लिक लायसन्स, आहे. एकाच आज्ञावलीतील निरनिराळ्या भागांना निरनिराळे परवाने लागू असू शकतात, याचे हे उदाहरण होय.

== तत्सम आज्ञावल्या ==
पीट सँडरसन व केनेथ व्होलमार यांनी जावा भाषेत लिहिलेली 'मार्स' ही आज्ञावलीही मिप्स असेंब्लीच्या अध्यापनासाठी वापरली जाते. ती एमआयटी परवान्याखाली उपलब्ध आहे.