कार्टरसाहेबांचा स्पंज

धोबी तलावात आज पाण्याचा थेंब नाही आणि गोवालिया टँकचं मैदान झालंय. पण पोरांनो, पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबई बेटावर असे खरेखुरे तलाव जागोजागी होते. त्या तलावांतला स्पंज गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचा नाद एका इंग्रज डॉक्टरला होता. त्यांचं नाव हेन्री जॉन कार्टर. कंपनी सरकारच्या लष्करात ते सर्जन होते.

‘स्पंज तर समुद्रात असतो ना, आजोबा?’ बहुतेक सगळे समुद्रातच. जगात स्पंजाच्या साडेआठ हजारांहून जास्त जाती आहेत, त्यांतल्या दोनशेहून थोड्या अधिक तेवढ्या नद्या-तलावांतल्या. पाण्यात बुडालेल्या दगडाला किंवा फांदीला जाडसर खडबडीत थर चिकटलेला असतो, तोच हा. उन्हात असला तर बरेचदा हिरवा दिसतो, कारण त्याच्या अंगात शेवाळाच्या बारीक पेशी बिऱ्हाड करून असतात. हिरवा म्हणून वनस्पती समजाल तर फसाल. कार्टरसाहेबांच्या आधीच्या काळात भले भले विद्वानही यावर भांडत होते. मग एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रँटनं जिवंत स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्याच्या भोकातून पाण्याची धार सतत बाहेर पडताना दिसली. हा प्राणीच! याला तोंड नाही, पोट नाही, मेंदू तर नाहीच. आतल्या पेशींच्या कशाभिका हलत राहतात, बारीक छिद्रांतून पाणी आत ओढतात, त्यातले जिवाणू गाळून खातात आणि उरलेलं पाणी मोठ्या छिद्रातून सोडून देतात. अंगाला आकार देतात त्या काचेच्याच द्रव्याच्या, म्हणजे सिलिकाच्या, अगदी बारीक सुया. त्यांना कंटिका म्हणतात. सापडला तर हातात चुरगाळू नका, खाज सुटते.

पण आपल्याकडे उन्हाळ्यात तळी आटतात, मग हा बिचारा करतो काय? स्वतः मरतो, पण मरण्याआधी अंगात खसखशीएवढ्या गोळ्या तयार करून ठेवतो. त्या गोळ्यांना जेम्यूल म्हणतात. टणक कवचात जिवंत पेशी, सोबत शिदोरी. चिखल तडकेपर्यंत वाळला तरी त्या टिकतात आणि पाऊस पडला की आतल्या पेशी कवचाच्या भोकातून बाहेर येऊन नवा स्पंज उभा करतात. कार्टरसाहेबांचा सगळा जीव या गोळ्यांत अडकला होता.

१८४९ साली त्यांनी मुंबईतल्या पाच जातींचं वर्णन छापलं. त्यांतल्या एका जातीला मात्र नवं नाव दिलं नाही. फ्रान्सच्या लामार्कनं पूर्वी वर्णन केलेली ‘स्पंजिला फ्रियाबिलिस’ ती हीच, असं त्यांना वाटलं. लंडनला जेम्स स्कॉट बॉवरबँक नावाचे गृहस्थ होते. दारू गाळायचा घरचा धंदा सांभाळून ते स्पंजांचा अभ्यास करत. ही जात निराळी आहे हे त्यांनी ओळखलं आणि १८६३ मध्ये तिचं नाव ठेवलं ‘स्पंजिला कार्टेरी’. म्हणजे ज्या जातीला कार्टरनी दुसऱ्याचं नाव दिलं, तिलाच त्यांचं नाव लागलं! मला हा बॉवरबँकचा मोठेपणा वाटतो. चूक दाखवली, तीसुद्धा सत्कार करून.

पुढे १८६७ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी स्पंजांची घरं, म्हणजे प्रजाती, नव्यानं मांडली. त्यांच्या ‘युनापियस’ या प्रजातीत आपला स्पंज गेला. आज त्याचं पूर्ण नाव लिहितात ते असं: युनापियस कार्टेरी (बॉवरबँक, १८६३). हा कंस उगाच नाही बरं का. नाव ठेवणाऱ्यानं जात ज्या प्रजातीत ठेवली होती तिथून ती नंतर हलवली, तरच त्याच्या नावाभोवती कंस येतो. कार्टरनीच नाव दिलेली ‘स्पंजिला आल्बा’ अजून मूळच्या घरात आहे, म्हणून तिथे नुसतं ‘कार्टर, १८४९’. त्यांची ‘प्लुमोसा’ मात्र ‘डोसिलिया’ प्रजातीत गेली, तेव्हा तिथे कंस. प्रजात बदलते, पण जातीचं नाव आणि पहिल्या माणसाचा मान सहसा सुटत नाही. प्राण्यांच्या नावांचा हा हिशोब १७५८ सालच्या लिनियसच्या ग्रंथापासून धरतात. एकाच प्राण्याला दोघांनी नावं दिली, तर साधारणपणे आधीचं चालतं.

‘मग माझ्या नावाचा स्पंज होईल?’ का नाही होणार? मुलाचं नाव असलं तर शेवटी बहुधा ‘ई’ लागतो, मुलीचं असलं तर ‘ए’. पण त्याआधी नमुना संग्रहालयात ठेवावा लागेल, कंटिका मोजाव्या लागतील, जुनी वर्णनं एकेक करून पडताळावी लागतील आणि सगळं नीट छापावं लागेल. आणि हो, नाव दुसऱ्या कुणीतरी ठेवायला हवं. स्वतःचंच ठेवायला नियमात बंदी नाही, पण शास्त्रज्ञ मंडळी त्याला फार हसतात.